सैल माप

गोळ्यांचं पाकीट शिवलीलाने टेबलावर आपटलं तेव्हा कॅप्टन सिद्राम बिराजदार कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसले होते. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं आणि शांतपणे भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"सर्दीच्या आहेत," ते म्हणाले.

"मामा, तुला सर्दी झालेली मी आजवर एकदाही पाहिलेली नाही."

"मग बघ, गोळ्या किती चांगल्या आहेत."

एरवी शिवलीला हसली असती. आईवडील गेल्यावर सातव्या वर्षापासून ती या माणसाच्या घरात वाढली होती. त्याच्या खांद्यावर बसून तिने पहिलं विमान पाहिलं होतं आणि आता त्याच्याच शेजारच्या सीटवर बसून ती ढगांत मीठ पेरत होती.

हिंगणमाळची धावपट्टी म्हणजे सोलापूरच्या पलीकडे माळरानावर ओतलेला डांबराचा एक पट्टा, पाच छोटी विमानं आणि पाच वैमानिक. दुपारी ढग चढू लागले की ही विमानं त्यांच्या पोटाखाली जायची. पंखांना लावलेली मिठाची नळकांडी पेटवायची, खालून उसळणारी गरम हवा तो खारा धूर ढगात ओढून न्यायची, आणि मिठाच्या एकेका कणाभोवती पाणी जमून थेंब जड झाला की तो खाली यायचा. कागदावर सोपं काम. फक्त त्यासाठी ढगाच्या अगदी काठाशी जावं लागतं, आणि त्या काठापासून बाकीची सगळी विमानं चाळीस किलोमीटर लांब पळतात. मामा विमान चालवायचे, शिवलीला नळकांडी पेटवायची. तिचं स्वतःचं लायसन्स अजून व्हायचं होतं. शेचाळीस तासांचं उड्डाण झालं होतं, तेही शिकाऊ विमानावर.

"कधीपासून घेतोयस?" तिने विचारलं.

"माप दिलं तेव्हापासून."

"दीड वर्ष?"

मामांनी उरलेली चटणी भाकरीने पुसून घेतली.

हे माप म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. छोट्या विमानांचे अपघात वाढले तेव्हा मेलेल्या वैमानिकांच्या रक्तात दारू सापडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती सापडली क्वचित. सापडल्या त्या घरोघरच्या डब्यातल्या साध्या गोळ्या: सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या. अशी गोळी घेतलेल्या माणसाला आपण पूर्ण शुद्धीत आहोत असं वाटतं, हात मात्र अर्धा सेकंद उशिरा हलतो. जमिनीपासून तीनशे फुटांवर अर्धा सेकंद उशीर म्हणजे फार झाला.

मग 'पारखी' आलं. हेडसेटच्या गादीत बसवलेल्या चकत्या मेंदूतली बारीक वीज ऐकतात, समोरचा कॅमेरा पापण्या मोजतो, आणि कंट्रोलच्या दांड्याची पकड तळहाताचा घाम आणि नाडी ओळखते. माणूस पेंगुळलाय, प्यायलाय की त्याला प्राणवायू कमी पडतोय, हे पारखीला त्या माणसाच्या आधी कळतं. तसं कळलं की ते दांडा आपल्याकडे घेतं आणि विमान जवळच्या धावपट्टीवर नेऊन उतरवतं. वैमानिक त्याला 'हेडमास्तर' म्हणायचे. बोलायचं मात्र ते बाईच्या गोड आवाजात.

पण सगळ्या माणसांना एक माप चालत नाही. कुणाच्या पापण्या मुळातच जड, कुणाची नाडी मुळातच धावती. म्हणून प्रत्येक वैमानिकाने पहिली तीस उड्डाणं पारखीला 'माप' द्यायचं आणि यंत्राने तेच त्याचं नेहमीचं रूप मानायचं, असं ठरलं. इथेच आपल्या लोकांनी डोकं चालवलं. शिंप्याकडे माप देताना पोट थोडं फुगवून उभं राहावं, म्हणजे पुढे कपडा काचत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हिंगणमाळच्या पाचही वैमानिकांनी तीसच्या तीस उड्डाणं सर्दीची गोळी घेऊन केली. यंत्र आपल्याला जरा सुस्तच समजलं तर उद्या थकलो तरी कटकट करणार नाही, हा हिशेब. याला ते 'सैल माप' म्हणत. नव्या माणसाला जुना माणूस चहा पिता पिता ही युक्ती कानात सांगायचा.

बाकीच्या चौघांनी नंतर गोळी कधी घेतली, कधी नाही. मामांना तिची सवय लागली. मामी गेल्यापासून त्यांना झोप येत नव्हती, आणि गोळीने येत होती.

"सोड," शिवलीला म्हणाली. "आजपासून. नाहीतर मी स्वतः जाऊन ऑफिसात सांगते."

"मला धमकी द्यायलीस होय गं?"

"हो."

मामांनी पाकीट उचलून तिच्या हातात दिलं. "घे. ठेव तुझ्याकडं. पण मी चिडलो, ओरडलो, तर ऐकून घ्यायचं."

पहिले चार दिवस घरात भांडी आपटली गेली. मामांनी एकदा चहाचा कप भिंतीवर फेकला आणि नंतर स्वतःच फरशी पुसली. सातव्या दिवशी ते सकाळी अंगणात उभे राहून म्हणाले, "लीला, दीड वर्षं डोक्यावर घोंगडं घेऊन हिंडत होतो बघ." बाराव्या दिवशी ते इतके ताजेतवाने होते की विमानाच्या उजव्या इंजिनातला बारीकसा बेसूर त्यांनी मेकॅनिकच्या आधी ओळखला. शिवलीलाला आपण फार मोठं काम केलं असं वाटलं. त्या अभिमानाची तिला पुढे किती लाज वाटली, ते तिचं तिलाच माहीत.

त्याच बाराव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, गोळ्या सोडल्यानंतर पहिल्यांदाच, ते ढगाखाली गेले.

ढग बघता बघता वाढत होता. दोन नळकांडी पेटवून झाली, तिसरं पेटवताना विमान खालून लाथ बसल्यासारखं उडालं आणि शिवलीलाचं डोकं छताला आपटलं. पुढच्या क्षणी ते तितकंच खाली कोसळलं. मामांनी दांडा धरून ठेवला होता. त्यांचे हात इतके झरझर चालत होते की शिवलीला स्वतःचं दुखणं विसरून बघत राहिली. झटका बसायच्या आत त्यांना तो कळत होता. डावीकडे, दक्षिणेला, ढगाच्या काठाबाहेर उजेडाची फट होती आणि ते विमान तिकडे वळवत होते.

"दोन मिनिटं," मामा ओरडले. "दोन मिनिटांत बाहेर काढतो!"

"कॅप्टन, तुम्ही नेहमीसारखे नाही," तो गोड आवाज म्हणाला. "अतिउत्तेजना आढळली आहे. नियंत्रण मी घेत आहे."

दांडा मामांच्या हातात दगडासारखा घट्ट झाला.

पारखीच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. माप एका टोकाला सैल असेल तर दुसऱ्या टोकाला घट्ट होणारच. त्याला ओळखीचा होता तो गोळी घेतलेला, पेंगुळलेला सिद्राम बिराजदार. हा लख्ख जागा, जिवाच्या आकांताने चपळ झालेला माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. असा माणूस नशेच्या औषधांवर असतो, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. विमानाने उजेडाकडे पाठ फिरवली आणि सर्वांत जवळच्या धावपट्टीकडे, म्हणजे हिंगणमाळकडे, सरळ रेघ धरली. ती रेघ ढगाच्या पोटातून जात होती. हवामानाचा नकाशा पारखीला दर दहा मिनिटांनी मिळायचा, आणि त्याच्या नकाशात तिथे दहा मिनिटांपूर्वीचा गरीब ढग होता.

"सोड! सोड, रांडेच्या!" मामांनी दोन्ही पाय समोर टेकवून दांडा खेचला. शिवलीलाने आपल्या बाजूचा दांडा धरून अंगाचा भार टाकला. मोटार कुरकुरली, दांडा बोटभर हलला आणि दुप्पट जोराने परत फिरला. मामांचं मनगट दांडा आणि समोरच्या पत्र्यामध्ये सापडलं. हाड मोडल्याचा आवाज तिला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आला.

तिने सीटमागची कुऱ्हाड काढली आणि पारखीच्या पेटीवर घातली. एकदा, दोनदा, पाचदा. पत्रा चेपला. पण अपघातातही टिकावी म्हणूनच ती पेटी बनवलेली होती.

"कृपया यंत्राला हानी पोहोचवू नका," आवाज म्हणाला.

मग गारा आल्या. आधी चारदोन ठोके, मग कुणी पोतीच्या पोती दगड ओतावेत तसा मारा. उजवं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मामांच्या समोरची काच तडकली, पांढरी झाली आणि फुटून आत आली. लिंबाएवढ्या गारा त्यांच्या तोंडावर, छातीवर बसल्या. वाऱ्याने कागद, नकाशे, डबा, सगळं मागे भिरकावलं. शिवलीलाने डोळे उघडले तेव्हा काचेचा एक लांब तुकडा मामांच्या मानेखाली, उजव्या खांद्याच्या खोबणीत रुतलेला होता. तो गचक्याने निसटला आणि रक्त उसळून बाहेर आलं.

तिने डावा तळहात तिथे दाबला. जेवढी ताकद होती तेवढी. मामा गुरासारखे ओरडले.

"मामा, माझ्याकडे बघ! बघ माझ्याकडे!"

"बघायलोय की," मामा दात आवळून म्हणाले. "ओरडू नको."

पुढच्या गचक्याने ती बाजूला फेकली गेली आणि तिचा हात सुटला. परत पोचायला आठदहा सेकंद लागले असतील. तेवढ्यात रक्ताने त्यांचा शर्ट कमरेपर्यंत भिजला, त्यांची मान कलली, पापण्या जड झाल्या.

"कॅप्टन, तुम्ही पूर्ववत आहात," आवाज म्हणाला. "नियंत्रण तुम्हाला परत देत आहे."

दोन्ही दांडे सैल झाले.

शिवलीलाला काही सुचलं नाही. तिने पुन्हा जखम दाबली. वेदनेने मामा ताडकन जागे झाले, डोळे विस्फारले, आणि लगेच दांडे घट्ट झाले. "कॅप्टन, तुम्ही नेहमीसारखे नाही."

मामांनी एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा तिच्या हाताकडे. त्यांना कळलं ते तिलाही कळलं, पण तिने न कळल्यासारखं केलं.

"लीला," मामा म्हणाले. "हात काढ."

"नाही."

"माझंच माप आहे गं. मीच दिलेलं. त्याला मी पेंगुळलेला पाहिजे." ते एकेक शब्द तोडून बोलत होते. "दोघं मरण्यापेक्षा... काढ हात."

"मामा, नाही! मला येत नाही, माझे शेचाळीस तास झालेत, मला हे विमान येत नाही!"

"मी सांगतो की." ते चक्क हसले. "पण लवकर कर. मला फार वेळ बोलता यायचं नाही."

समोर ढग काळा नव्हता, हिरवा दिसत होता. आजवर मामांनी तिला शिकवलं होतं की हिरव्या ढगात गेलेलं छोटं विमान अखंड बाहेर येत नाही. डावं इंजिन गारा गिळत धापा टाकत होतं. तिला मरायचं नव्हतं. ते त्या क्षणी इतकं स्वच्छ वाटलं की त्याचाच तिला राग आला.

तिने हात काढला.

मामांनी मोडक्या मनगटासकट दोन्ही पंजे दांड्याच्या पकडीवर आवळून धरले. पकड सुटली तर यंत्राला आपण हरवल्यासारखं वाटेल आणि ते दांडा परत अडकवेल, हे त्यांना माहीत होतं. पापण्या खाली आल्या. तेवीस सेकंदांनी आवाज म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही पूर्ववत आहात."

"डावीकडं," मामा पुटपुटले. "पाय... डावा पाय दाब. मेलेल्या इंजिनाकडं जाऊ देऊ नको."

तिने पाय दाबला, दांडा वळवला. विमान कण्हत वळलं. गारांनी पंखाची कड चेचत आणली होती. एका उसळीत ते जवळजवळ उलटं झालं, आणि तिच्या तोंडून, घाबरल्यावर मामांना मारायची ती लहानपणची हाक निघाली. "नाक खाली... वेग बघ... ढगाकडं बघू नको, काट्यांकडं बघ," असं मामा सांगत राहिले. त्यांचा आवाज झोपेतल्या माणसासारखा झाला होता. दर मिनिटाला तो दुसरा आवाज मध्ये बोलायचा: "कॅप्टन, तुमची स्थिती उत्तम आहे." शिवलीलाने आयुष्यात कुणाचा इतका द्वेष केला नव्हता.

फट आली. उजेड इतका एकदम आला की तिला रडू फुटलं. खाली नव्या सहापदरी रस्त्याचा अजून न उघडलेला तुकडा होता, सरळ आणि रिकामा. हिंगणमाळ ढगाच्या पलीकडे राहिलं होतं.

"मामा, रस्ता आहे. रस्त्यावर उतरवू?"

"हम्म."

"मामा, चाकं टाकू ना?"

ओठ हलले. काय म्हणाले ते कळलं नाही. तिने चाकं टाकली. विमान रस्त्यावर आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं, डावं चाक मोडलं आणि पंख दुभाजकावर घासत दगड, पत्रा, ठिणग्या उडवत अडीचशे मीटर गेलं. मग थांबलं. इंजिन गप्प झालं. माळावरच्या टिटव्या ओरडताना ऐकू येत होत्या.

ती मामांच्या अंगावर पडून दोन्ही हातांनी जखम दाबत होती. आता रक्त उसळत नव्हतं.

"कॅप्टन," आवाज म्हणाला, "तुम्ही नेहमीसारखे नाही."

*

चौकशी दीड महिन्याने हिंगणमाळच्या हॉलमध्येच झाली. त्या सकाळी कॅप्टन तौफिक नदाफ तिला हँगरच्या दारात भेटले. मामांचे बावीस वर्षांचे सोबती. खांदा द्यायलाही आलेले.

"बेटा, अहवाल तयार आहे. मामांनी वादळातून विमान बाहेर काढलं आणि रस्त्यावर उतरवलं, असं लिहिलंय. उतरवताना चुकले, एवढंच. चूक कुणाचीही होते. तू फक्त हो म्हण."

"आणि माप?"

नदाफांनी तिचा दंड धरला, बोटं रुतेपर्यंत. "मापाचं नाव काढलंस तर सिद्रामला लोक गोळ्या खाणारा म्हणतील. आमची चौघांची लायसन्सं जातील. तुझं व्हायच्या आधीच जाईल, बिनपरवाना विमान चालवलंस म्हणून. काय मिळणार? तो परत येणार आहे का?"

"हात सोडा, काका."

त्यांनी सोडला. दंडावर चार वळ उठले होते.

हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पारखीची नोंद दाखवली. नऊ मिनिटांचा लाल पट्टा, त्यात शेवटी एक बारीक हिरवी रेघ, आणि त्यापुढे अकरा मिनिटांचा हिरवा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने काठीने हिरवा पट्टा दाखवला. "यंत्राने योग्य वेळी नियंत्रण घेतलं आणि कॅप्टन सावरताच परत दिलं. या अकरा मिनिटांत ते पूर्ण सक्षम होते. इतकी स्थिर वाचनं आम्हाला क्वचित मिळतात."

समितीचे अध्यक्ष वयस्क होते, चष्मा कपाळावर सरकवून बोलायचे. "कुमारी हत्तुरे, तुम्ही शेजारी होता. या अकरा मिनिटांत कॅप्टन काय करत होते, ते तुमच्या शब्दांत सांगा."

शिवलीला उभी राहिली. मामांची इज्जत तिच्या जिभेवर होती आणि जीभ ज्या बाजूला वळेल त्या बाजूला ती जाणार होती. उद्या दुपारी ढग चढणार होते. चार विमानं त्यांच्या काठाशी जाणार होती, चार सैल मापं घेऊन. त्यातला एखादा शहाणा झाला, एखाद्याच्या बायकोने, मुलीने त्याच्या गोळ्या सोडवल्या, की त्याचंही असंच होणार होतं.

"मरत होता, साहेब," ती म्हणाली.

कंपनीच्या माणसाची काठी खाली आली.

"विमान मी चालवत होते. मामाची जखम मी दाबून धरली की तुमचं यंत्र त्याला वेडा ठरवायचं आणि दांडा अडकवायचं. हात काढला की शहाणा ठरवायचं. म्हणून मी हात काढला. तुमच्या पडद्यावर ते जे हिरवं दिसतंय ना, ते त्याचं रक्त जातंय." तिने खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "माप देताना तो या गोळ्या घेत होता. बारा दिवस आधी मी त्या सोडायला लावल्या. तो लाल पट्टा म्हणजे माझा मामा आहे, साहेब, चांगला, पूर्ण जागा. त्याला तुमच्या यंत्राने ओळखलं नाही, कारण आम्ही त्याची ओळखच करून दिली नव्हती."

"आम्ही म्हणजे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

तिने मागे पाहिलं नाही. बघितलं असतं तर ते नाव घेतल्यासारखं झालं असतं. तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि ती नकळत लाकूड दाबून धरत होती, बोटं पांढरी होईपर्यंत. त्या दिवसापासून तो हात असंच करायचा.

तीन वैमानिक आपापल्या बुटांकडे बघत होते. मग मागच्या रांगेत एक खुर्ची जोरात सरकली. कॅप्टन नदाफ पुढे चालत आले, खिशात हात घालून अर्धं रिकामं पाकीट काढलं आणि मामांच्या पाकिटाशेजारी ठेवलं.

"माझं माप पुन्हा घ्या," ते म्हणाले.